गुग्गुळ: धूपापासून ग्राहीपर्यंत

१

जयपूरहून सीकरकडे जाणाऱ्या रस्त्याने उत्तरेस निघाले, की सुमारे तीस-पस्तीस किलोमीटरांवर चौमूं हे नाथावत सरदारांच्या जहागिरीचे जुने गाव लागते. गावात गढी आहे, बाजार आहे; आणि गावाबाहेर पडताच अरवलीच्या तुटक, उघड्याबोडक्या टेकड्या दिसू लागतात. पावसाळ्याचे दिवस सोडले तर या मुलखात हिरवा रंग अपवादानेच आढळतो. अरवलीचा हा कोरडा पट्टा, त्याच्या पश्चिमेचा मरुप्रदेश, दक्षिणेकडे गुजरातेतील कच्छ आणि काठेवाड, आणि पलीकडे सिंध व बलुचिस्तान, एवढ्या विस्तीर्ण पण पाण्यावाचून तळमळणाऱ्या भूभागात एक काटेरी झुडूप वाढते. त्याची उंची पुरुष-दीड पुरुष, फांद्या वेड्यावाकड्या, साल कागदासारखी पातळ पापुद्र्यांनी सुटणारी, पाने वर्षातील बहुतेक काळ गळालेली. प्रथमदर्शनी ते वाळलेलेच वाटावे. परंतु हिवाळ्यात त्याच्या खोडाला चीर दिली, तर तीतून पिवळसर-तपकिरी, सुगंधी, चिकट रस पाझरतो आणि हवेत थिजून त्याचे खडे बनतात. हाच गुग्गुळ.

मराठी घरांत हा शब्द दोन वाटांनी आला. एक वाट देवघरातून आली. तिन्हीसांजेला निखाऱ्यांवर टाकलेल्या धुपात ऊद, राळ आणि गुग्गुळ यांचा वास एकमेकांत मिसळलेला असे. दुसरी वाट वैद्याच्या बटव्यातून आली. सांधे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला योगराज गुग्गुळ, अंगावर गाठी आलेल्याला कांचनार गुग्गुळ, मेद वाढलेल्याला त्रिफळा गुग्गुळ ही योजना गावोगावच्या वैद्यांना मुखोद्गत होती. एकाच द्रव्याने देवघर आणि औषधाची पेटी दोन्ही व्यापावीत यात नवल नाही. रोग हा बाहेरून येणाऱ्या अनिष्टाचा स्पर्श मानला जात होता, त्या काळात धूप हेही औषधच होते. अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडातील एका लहानशा सूक्तात ज्याच्यापर्यंत गुग्गुळाचा गंध पोहोचतो त्याच्यापासून यक्ष्म दूर पळतात अशी धारणा व्यक्त झाली आहे, आणि तेथेच सिंधुप्रदेशातून येणारा व समुद्रमार्गाने येणारा असे त्याचे दोन प्रकारही सूचित केले आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील, ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या पुस्तिकेत सिंधूच्या मुखावरील बार्बरिकॉन आणि भृगुकच्छ, म्हणजे आजचे भडोच, या बंदरांतून पश्चिमेकडे जाणाऱ्या मालाच्या यादीत ‘ब्डेलिअम’ आहे. अभ्यासक त्याचा अर्थ सामान्यतः गुग्गुळ असाच करतात.

या प्राचीन उल्लेखांपैकी एकाचा विचार मात्र थोडा अधिक केला पाहिजे. नवा गुग्गुळ शरीर पुष्ट करतो आणि जुना गुग्गुळ ते कृश करतो, असा भेद सुश्रुतसंहितेने केला आहे. एकच द्रव्य, पण त्याची अवस्था बदलली की कार्य उलटते, हे त्या निरीक्षणाचे सार. द्रव्याला एकच एक गुण चिकटवून मोकळे होण्याची घाई तेथे नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच द्रव्य आधुनिक प्रयोगशाळेत शिरले आणि पुढील चाळीस वर्षांत त्याच्याविषयी जे परस्परविरोधी निष्कर्ष निघाले, ते पाहताना हा जुना सावधपणा आठवल्यावाचून राहत नाही.

२

गुग्गुळाच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ १९६६ साली वाराणसीत झाला असे मानण्याचा प्रघात आहे आणि तो योग्य आहे. बनारस हिंदू विश्वविद्यालयात जी. व्ही. सत्यवती यांनी त्या वर्षी एक प्रबंध सादर केला. सुश्रुताने केलेले मेदोरोगाचे वर्णन आणि आधुनिक वैद्यकातील रक्तवाहिन्यांच्या काठिण्याचे वर्णन यांत साम्य आहे, असे गृहीत धरून त्यांनी सशांवर प्रयोग केले. सशांना मेदयुक्त आहार देऊन त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल वाढविले आणि त्यांपैकी काहींना गुग्गुळ दिला. ज्यांना तो मिळाला त्यांचे कोलेस्टेरॉल कमी राहिले. ग्रंथातील वर्णन हे गृहीतक मानायचे आणि ते प्रयोगाच्या कसोटीला लावायचे, ही या प्रबंधाची रीत होती. परंपरेचे समर्थन करावयाचे म्हणून विज्ञानाची साक्ष काढण्याची रीत आपल्याकडे विपुल आढळते. सत्यवतींची रीत तिच्याहून निराळी होती, कारण प्रयोग उलटा गेला असता तर गृहीतक सोडून द्यावे लागले असते.

गुग्गुळ गुणकारी दिसला, पण त्यातील नेमके काय गुणकारी, हा प्रश्न शिल्लक राहिला. गुग्गुळ हे एक द्रव्य नव्हेच. डिंक, राळ, सुगंधी तेल आणि इतर अनेक पदार्थ यांचे ते मिश्रण आहे. हा प्रश्न सोडविण्याचे काम पुण्यात झाले. १९५० साली पुण्याच्या पाषाण भागात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले होते. तेथे १९६० पासून सुखदेव हे वनस्पतिजन्य पदार्थांच्या रसायनशास्त्राचा विभाग सांभाळीत होते. शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक त्यांना १९६४ साली मिळाले होते. आयुर्वेदातील कच्च्या औषधींचे रसायनशास्त्र अशी एक निबंधमालाच त्यांनी आरंभिली आणि तिच्यातील पहिला विषय म्हणून गुग्गुळ निवडला. पाटील, नायक आणि सुखदेव या तिघांच्या नावांनी १९७२ साली ‘टेट्राहेड्रॉन’ या नियतकालिकात तो निबंध प्रसिद्ध झाला. गुग्गुळातून वेगळ्या केलेल्या स्टेरॉइड घटकांची माहिती त्यात होती. त्यांतील दोन घटकांना ‘गुग्गुलस्टेरोन’ हे नाव मिळाले.

रसायनशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर गुग्गुलस्टेरोनच्या एका रेणूत २१ कार्बन, २८ हायड्रोजन आणि २ ऑक्सिजन अणू असतात. अणू तेच, त्यांची संख्या तीच, परंतु एका दुहेरी बंधाभोवती त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते. म्हणून त्याचे ‘ई’ आणि ‘झेड’ असे दोन समघटक आहेत. पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की या रेणूचा सांगाडा ‘प्रेग्नेन’ वर्गातील आहे. गर्भधारणेशी संबंधित असलेले प्रोजेस्टेरोन हे संप्रेरकही याच सांगाड्यावर उभे असते. अरवलीतील काटेरी झुडुपाने आपल्या जखमेवर लिंपण म्हणून जो रस पाझरविला, त्यात प्राण्यांच्या संप्रेरकांशी नाते सांगणारा रेणू निघावा, ही गोष्ट १९७२ साली एक रासायनिक कुतूहल एवढीच होती. तिचा अर्थ कळावयास आणखी तीस वर्षे जावी लागली.

३

मधल्या काळात गुग्गुळाने औषधाचा रीतसर परवाना मिळविला. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने गुग्गुळाचा एक प्रमाणित अर्क सिद्ध केला आणि त्याला ‘गुगुलिपिड’ हे नाव दिले. त्याच्या चाचण्या मुंबई, बंगलोर, दिल्ली, जयपूर, लखनौ, नागपूर आणि वाराणसी या सात शहरांत झाल्या. त्यांचा अहवाल १९८९ साली प्रसिद्ध झाला. दोनशे पाच रुग्णांनी बारा आठवड्यांची खुली चाचणी पूर्ण केली. दिवसातून तीन वेळा ५०० मिलिग्रॅम ही मात्रा होती. सत्तर ते ऐंशी टक्के रुग्णांत परिणाम दिसला आणि त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल सरासरी २३.६ टक्क्यांनी, तर ट्रायग्लिसराइड सरासरी २२.६ टक्क्यांनी उतरले. क्लोफायब्रेट या तेव्हाच्या प्रचलित औषधाशी त्याची तुलनाही करण्यात आली. मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९८८ च्या सुमारास हे औषध ‘गुग्लिप’ या नावाने बाजारात आणले होते. राजस्थानच्या रानातील डिंक, वाराणसीचा प्रबंध, पुण्याचे रसायन, लखनौचा अर्क, सात शहरांतील रुग्णालये आणि मुंबईची कंपनी अशी ही साखळी. स्वतंत्र भारतात पारंपरिक औषधी प्रयोगशाळेच्या वाटेने बाजारापर्यंत आल्याची जी मोजकी उदाहरणे आहेत, त्यांत हिला मानाचे स्थान आहे.

येथेच कथा संपविली असती तर ती यशाची कथा झाली असती, आणि पुष्कळ ठिकाणी ती तशीच सांगितलीही जाते. परंतु १९९४ साली ‘जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया’ या नियतकालिकात मुंबईच्या दळवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा दोन पानांचा एक लहानसा निबंध छापून आला. त्यांनी निरोगी स्वयंसेवकांना गुगुलिपिडची एक ग्रॅमची एकच मात्रा दिली. तिच्यासोबत दहा जणांना प्रोप्रॅनोलॉल आणि सात जणांना डिल्टियाझेम दिले. ही दोन्ही रक्तदाब व हृदयविकार यांवरील, रोजच्या वापरातील औषधे आहेत. आठ तासांपर्यंत दर तासाला रक्त काढून त्यातील औषधाचे प्रमाण मोजले. दोन्ही औषधांचे रक्तातील सर्वोच्च प्रमाण आणि एकूण पोहोचलेली मात्रा लक्षणीय रीतीने घटलेली आढळली.

या निष्कर्षाचे गांभीर्य समजावयास वैद्यक शिकलेले असण्याची गरज नाही. कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून गुग्गुळ घेणारा माणूस आणि हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल किंवा डिल्टियाझेम घेणारा माणूस हे बहुधा एकच असतात. एका गोळीने दुसरीचे बळ हिरावून घेतले तर ते त्याला कळणारही नाही. रक्तदाब उतरत नाही एवढेच डॉक्टरांना दिसेल आणि ते मात्रा वाढवतील; कालांतराने रोग्याने गुग्गुळ थांबविला तर तीच वाढलेली मात्रा अंगावर येईल. शिवाय गुग्गुळ हे ‘आपले’ औषध. डॉक्टरांनी विचारल्यावर माणूस गोळ्यांची नावे सांगतो, वैद्याने दिलेल्या पुडीचे नाव सांगावे असे त्याला वाटत नाही. ज्या वस्तूला आपण औषध म्हणून मोजतच नाही, तिचा अपाय मोजणार कसा? त्या दोन पानांच्या निबंधाने हा प्रश्न आकड्यांच्या भाषेत विचारला. असे का घडते, हे सांगण्याची सामग्री मात्र तेव्हा कोणाच्याही हाती नव्हती.

४

ती सामग्री एका वेगळ्याच दिशेने जमत होती, आणि तिच्यासाठी पुन्हा १९७० च्या सुमाराकडे यावे लागते. ताणतणावाची संकल्पना ज्यांनी वैद्यकात रूढ केली ते हान्स सेल्ये त्या वेळी कॅनडातील माँट्रिअल येथे स्टेरॉइडांचा अभ्यास करीत होते. काही स्टेरॉइडे आधी दिली तर उंदरांना नंतर दिलेले विष बाधत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. या स्टेरॉइडांपैकी सर्वांत प्रभावी ठरलेले एक कृत्रिम रसायन म्हणजे प्रेग्नेनोलोन-सोळा-आल्फा-कार्बोनायट्राइल. संशोधकांच्या बोलण्यात ‘पीसीएन’. त्याचा सांगाडाही प्रेग्नेनचाच. ते कोणत्याही रोगावरचे औषध झाले नाही, परंतु यकृताच्या अभ्यासात ते अपरिहार्य होऊन बसले. ते दिले की उंदराच्या यकृतात परक्या रसायनांचे विघटन करणारी एंझाइमे भराभर वाढतात. विष बाधत नव्हते याचे कारण हे, की यकृत त्याचा निकाल अधिक वेगाने लावीत होते. पण यकृताला ही वर्दी पोहोचते कशी?

उत्तर १९९८ साली मिळाले. अमेरिका आणि स्वीडन येथील वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी एक प्रथिन ओळखले. ते यकृत आणि आतडे यांच्या पेशींत असते. पेशीत शिरलेला परका रेणू ते आपल्या खोलगट कुशीत धरते आणि मग जनुकांवर जाऊन विघटनाच्या एंझाइमांचे उत्पादन वाढविण्याची आज्ञा देते. अशा प्रथिनांना ‘ग्राही’ म्हणतात. पीसीएनसारख्या प्रेग्नेन रेणूंना हा ग्राही प्रतिसाद देतो म्हणून त्याला प्रेग्नेन एक्स ग्राही, संक्षेपाने ‘पीएक्सआर’, हे नाव पडले. त्याचे एक वैशिष्ट्य असे, की उंदराचा ग्राही आणि माणसाचा ग्राही यांची ओळख सारखी नाही. पीसीएनने उंदराचा ग्राही जागा होतो, माणसाचा फारसा होत नाही. उलट क्षयावरील रिफॅम्पिसिन हे औषध माणसाच्या ग्राहीला जागे करते आणि उंदराच्या ग्राहीला जवळजवळ स्पर्शही करीत नाही. उंदरावर सिद्ध झाले म्हणजे माणसावर सिद्ध झाले, हा भाबडेपणा निदान या प्रकरणात तरी टिकणारा नव्हता.

ग्राहीच्या जागृतीला व्यवहारात किती मोल असते, हे २००० साली झुरिक येथील दोन रुग्णांच्या उदाहरणाने जगापुढे आले. हृदयाचे प्रत्यारोपण झालेल्या या रुग्णांनी उदासीनतेवर म्हणून ‘सेंट जॉन्स वर्ट’ ही युरोपातील वनौषधी घेतली. तिने त्यांच्या प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या सायक्लोस्पोरिनचे रक्तातील प्रमाण घटविले आणि शरीर नवे हृदय नाकारू लागले. त्या वनौषधीतील हायपरफोरिन हा घटक माणसाच्या पीएक्सआरला जागा करतो, हे त्याच वर्षी दाखविण्यात आले.

गुग्गुलस्टेरोन या कथेत आले ते मात्र दुसऱ्याच एका ग्राहीच्या दाराने. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते. पित्ताम्ले पुरेशी झाली की ‘एफएक्सआर’ नावाचा ग्राही ते ओळखतो आणि हे काम थांबवितो. अमेरिकेतील ह्यूस्टन येथील संशोधकांनी २००२ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात असे दाखविले, की गुग्गुलस्टेरोन या ग्राहीला अडवून धरते. कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिलेल्या साध्या उंदरांच्या यकृतातील कोलेस्टेरॉल गुग्गुलस्टेरोनने उतरले. हा ग्राहीच नसलेल्या उंदरांत ते उतरले नाही. हजारो वर्षांच्या औषधाचे रहस्य उलगडले, असे त्या वेळी सर्वत्र लिहिले गेले. भारतात त्याचे कौतुक झाले हे स्वाभाविकच होते.

पुढील तीन वर्षांतच चित्र गुंतागुंतीचे झाले. २००३ साली दुसऱ्या एका प्रयोगशाळेला असे आढळले, की परीक्षानळीत एफएक्सआरला अडविणारे गुग्गुलस्टेरोन पेशींत मात्र त्याच ग्राहीच्या अखत्यारीतील एका जनुकाचे काम वाढविते. २००४ साली कॅन्सस विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले, की ते पीएक्सआरला जागे करते आणि त्याच्याकरवी यकृतपेशींत ‘सीवायपी-३ए’ या वर्गाची एंझाइमे वाढविते. वापरातील औषधांपैकी फार मोठ्या वाट्याचे विघटन हाच वर्ग करतो आणि डिल्टियाझेमही त्याच्याच वाटेने जाते. २००५ साली असेही निष्पन्न झाले, की गुग्गुलस्टेरोन इतर अनेक स्टेरॉइड ग्राहींना एफएक्सआरपेक्षा कितीतरी घट्ट चिकटते. प्रेग्नेनचा सांगाडा घेऊन आलेल्या या रेणूला शरीरातील एकच दार उघडत होते असे नाही. पुष्कळ दारे त्याच्या ओळखीची होती.

५

येथे इतिहासकाराला एक मोह होतो. मुंबईने १९९४ साली जे पाहिले त्याचे कारण कॅन्ससने २००४ साली सांगितले, असे एक वाक्य लिहिले की दहा वर्षांचे अंतर सांधले जाते आणि कथेला सुबक शेवट मिळतो. हे वाक्य अनेकदा लिहिलेही गेले आहे. परंतु मुंबईचा प्रयोग नीट वाचला तर ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. तेथे गुगुलिपिडची एकच मात्रा दिली होती आणि आठ तासांतच मोजमाप संपले होते. ग्राही जागा होणे, जनुकाला आज्ञा जाणे, एंझाइम घडणे आणि ते पुरेसे साठणे याला सामान्यतः एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून त्या स्वयंसेवकांच्या रक्तात औषध कमी उतरले याला आतड्यातून त्याचे शोषणच कमी झाले यासारखे दुसरे कारण असण्याचा संभव अधिक आहे. ग्राहीचा परिणाम हा रोज गुग्गुळ घेणाऱ्यासाठीचा, मागाहून येणारा आणि म्हणून निराळा असा इशारा आहे. दोन्ही निरीक्षणे खरी आहेत. दोन्हींचा व्यावहारिक बोध एकच आहे, तो म्हणजे हृदयाच्या औषधांबरोबर गुग्गुळ घेताना डॉक्टरांना सांगितले पाहिजे. परंतु एक हे दुसऱ्याचे स्पष्टीकरण आहे असे म्हणण्याचा अधिकार त्यावरून मिळत नाही. साहित्याच्या इतिहासातही दोन ग्रंथांतील साम्य दिसताच प्रभावाचा सिद्धांत मांडण्याची घाई होते. तेथे लागणारा संयम येथेही लागतो.

असाच संयम मूळ दाव्याविषयीही आवश्यक ठरला. २००३ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी १०३ प्रौढांवर आठ आठवड्यांची चाचणी घेतली. कोणाला गुगुलिपिड मिळते आणि कोणाला निष्क्रिय गोळी, हे रुग्ण व वैद्य दोघांनाही ठाऊक नव्हते. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांचे घातक समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल पाच टक्क्यांनी उतरले. गुगुलिपिडच्या साध्या मात्रेने ते चार टक्क्यांनी आणि मोठ्या मात्रेने पाच टक्क्यांनी वाढले. गुगुलिपिड घेणाऱ्यांपैकी सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले. २००९ साली नॉर्वेतून प्रसिद्ध झालेल्या, ४३ जणांच्या बारा आठवड्यांच्या चाचणीत एकूण कोलेस्टेरॉल थोडे उतरले, पण त्याबरोबर हितकर समजले जाणारे एचडीएलही उतरले. आहारातील भेद, रुग्णांच्या प्रकृतीतील भेद, अर्काच्या घडणीतील भेद अशी अनेक कारणे सुचविली गेली आहेत आणि ती विचारात घेण्याजोगी आहेत. तरीही सात शहरांच्या चाचणीतील आकडे आता पूर्वीच्या निःशंकपणे उद्धृत करता येत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. परदेशी चाचणीने आपल्या औषधाचा पाणउतारा केला अशी भावना त्या वेळी काही ठिकाणी व्यक्त झाली. परंतु सत्यवतींनी १९६६ साली जी रीत पत्करली होती, तिचा स्वीकार म्हणजे प्रतिकूल उत्तराचाही स्वीकार होय. अनुकूल आकडे आपले आणि प्रतिकूल आकडे परक्यांचे, अशी वाटणी ज्ञानाच्या व्यवहारात चालत नाही.

मग गुग्गुलस्टेरोनचे स्थान काय? औषध म्हणून त्याची कीर्ती उणावली. प्रयोगशाळेतील साधन म्हणून मात्र ते टिकून आहे. आज ते शुद्ध स्वरूपात, संश्लेषणानेही, सिद्ध करता येते. एफएक्सआर अडविला तर यकृतपेशीत काय घडते, पीएक्सआर जागा झाला तर कोणती एंझाइमे वाढतात, हे विचारावयाचे असले की संशोधक त्याचा उपयोग करतात आणि ते अनेक ग्राहींना चिकटते म्हणून उत्तर जपून वाचतात. उत्तर म्हणून आलेले द्रव्य अशा रीतीने प्रश्न विचारण्याचे साधन झाले. पीसीएनच्या वाट्याला आरंभापासून हेच काम आले होते; गुग्गुलस्टेरोनकडे ते धूप, वैद्यक आणि बाजार यांतून फिरून आले. पुणे आणि माँट्रिअल येथे सुमारे एकाच काळात हाताळले गेलेले, एकाच सांगाड्याचे हे दोन रेणू तीस वर्षांनी एकाच ग्राहीच्या संदर्भात शेजारी येऊन बसले, ही घटना कोणी योजलेली नव्हती. ज्या निबंधमालेने एका डिंकाचे घटक केवळ जिज्ञासेने वेगळे केले, तिचे हे दूरचे फळ आहे.

या सर्व व्यवहाराची किंमत मात्र झुडुपाने मोजली. गुग्गुळाचे झाड चीर देण्याजोगे व्हावयास आठ-दहा वर्षे लागतात आणि एका हंगामात त्यातून मिळणारा डिंक साधारणतः दोनशे ते पाचशे ग्रॅम भरतो. मागणी वाढली तशी रस जास्त यावा म्हणून चिरा खोल गेल्या, त्यांवर नाना प्रकारचे लेप लावले गेले. अशा रीतीने ओरबाडलेले झाड बहुधा पुढच्या हंगामापर्यंत जगत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत २०१५ च्या मूल्यमापनानुसार गुग्गुळाची नोंद अतिसंकटग्रस्त या वर्गात झाली. अजमेर जिल्ह्यातील मांगलियावास येथे त्याची लागवड जोपासली जाते आणि इतरत्रही प्रयत्न चालू आहेत. पण रानातील झुडुपाचा नाश आणि लागवडीची वाढ यांचा वेग सारखा नाही. शुद्ध रेणूसाठी आता झाडावर विसंबण्याचे कारण उरलेले नाही. धुपासाठी आणि गोळ्यांसाठी मात्र अजूनही झाडच चिरले जाते.

सुश्रुताने नव्या आणि जुन्या गुग्गुळात भेद केला. वाराणसीने ग्रंथाला प्रश्न विचारला, पुण्याने मिश्रणातून रेणू वेगळा केला, मुंबईने त्या औषधाचे दुसऱ्या औषधाशी असलेले वैर मोजले. त्या वैराचा उलगडा अजूनही पूर्ण झालेला नाही. निरोगी स्वयंसेवकांवर केलेला तो दोन पानांचा प्रयोग अनेक मात्रांनिशी, अनेक दिवसांपर्यंत आणि प्रत्यक्ष रुग्णांत करून पाहणे, हे काम बाकी राहते. चौमूंच्या पलीकडील टेकड्यांसारख्या कोरड्या रानांत ते वाळलेले दिसणारे झुडूप उभे आहे तोवर हे काम झालेले बरे.